दारूला गोळीचं वजन कळतं

जिम कॉर्बेटच्या शिकारकथांची पारायणं करून झाल्यावर परवा भाच्याने विचारलं, "मामा, त्याच्याकडे दोन रायफली होत्या ना? मोठीची गोळी जास्त स्पीडने जात असणार."

बहुतेकांना असंच वाटतं, आणि ते बरोबर उलटं आहे. चंपावतची वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली कॉर्बेटला भेट मिळालेली .२७५ रिग्बी ही लहान रायफल. तिची ९ ग्रॅमची गोळी सेकंदाला आठशे मीटरच्या वर जाते. त्याच्या .४५०/४०० दुनळीची गोळी २६ ग्रॅमची, ती साडेसहाशेच्या आसपासच रेंगाळते. (हे आकडे साधारण नळीच्या तोंडाचा व्यास इंचात सांगतात; .४५०/४०० मध्ये नळीचा आकडा दुसरा. .२७५ म्हणजे सात मिलिमीटर.)

पण या दोघींची काडतुसंच वेगळी, म्हणून ही तुलना थोडी लबाडीची. खरी गंमत एकाच रायफलीत नुसती गोळी बदलली की कळते. त्यासाठी .३७५ हॉलंड अँड हॉलंड घेऊ. १९१२ साली निघालेलं हे काडतूस आफ्रिकेतल्या मोठ्या शिकारीत अजून वापरात आहे. त्याच्या दोन नेहमीच्या गोळ्या २७० आणि ३०० ग्रेनच्या. ग्रेन म्हणजे मुळात जवाचा एक दाणा, आपल्या सोनाराच्या गुंजेच्या साधारण निम्मा. तेव्हा या गोळ्या झाल्या साडेसतरा आणि साडेएकोणीस ग्रॅमच्या. हलकीचा वेग सेकंदाला ८२० मीटर, जडीचा ७७१.

शाळेतलं अर्धा एम व्ही वर्ग आठवा. हलकीची ऊर्जा येते सुमारे ५,८८० ज्यूल, जडीची ५,७८०. वजन अकरा टक्क्यांनी वाढलं, पण ऊर्जा जवळपास जागच्या जागी. यात योगायोग नाही. नळीची लांबी ठरलेली, दाबाची मर्यादा ठरलेली, म्हणजे वायू गोळीवर किती काम करणार तेही जवळपास ठरलेलं. मग वेग वजनाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात उतरायला हवा. हिशोब केला तर उत्तर येतं ७७८. प्रत्यक्षात ७७१. हे उरलेले सात मीटर कुठे गेले?

इथून पुढचा भाग माझ्या फार आवडीचा आहे, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

बंदुकीतल्या दारूचा स्फोट होतो असं आपण सर्रास म्हणतो. होत नाही, ती जळते. आजची बिनधुराची दारू उघड्यावर पेटवली तर आरामात पिवळी ज्योत काढत जळत बसते. तीच पितळी काडतुसात कोंडली की तिचा स्वभाव पालटतो, कारण तिचा जळण्याचा वेग भोवतालच्या दाबावर ठरतो. दाब वाढला की ती भराभर जळते, भराभर जळली की आणखी वायू, आणखी वायू की आणखी दाब. हे चक्र सुटू नये म्हणून एकच झडप असते, ती म्हणजे पुढे सरकणारी गोळी. ती सरकते तसतशी मागची जागा वाढते आणि दाब उतरतो.

आता गोळी जड करा. ती जागची हलायला वेळ लावते. त्या क्षणाच्या बारीकशा तुकड्यात दारू मात्र थांबत नाही. अडलेल्या जागेत दाब चढतो, दारू अधिकच पेट घेते आणि दाबाचं टोक आधी आणि उंच येतं. म्हणजे समोरच्या गोळीचं वजन दारूला कळतं म्हणायला हरकत नाही. .३७५ मध्ये हे टोक घरच्या कुकरच्या शिट्टीच्या चार हजारपट असू शकतं. गोळीच्या बुडावर तीन टनांचा भार, आणि हे सगळं नाटक दोन मिलिसेकंदांच्या आत संपतं. जड गोळीमागे तीच दारू तितकीच भरली तर ही मर्यादा ओलांडते आणि रायफल हातात फुटू शकते. म्हणून कारखान्यात जड गोळीमागे दारू कमी घालतात, नाहीतर सावकाश जळणारी वापरतात. आपले काही मीटर तिथे कापले जातात.

याच्या उलट दिशेने ओढणारीही एक गोष्ट आहे. नळीतून गोळी एकटी पुढे जात नाही, दारूचा वायूही तिच्यामागे धावतो. या काडतुसात दारू पाचेक ग्रॅम असते, म्हणजे गोळीच्या चौथ्या हिश्शाइतकी. नळीच्या मागच्या टोकाचा वायू जवळपास स्थिर, गोळीला चिकटलेला वायू गोळीइतक्याच वेगात, आणि मधला त्या प्रमाणात. या सगळ्यांची गतिज ऊर्जा मिळवली तर उत्तर येतं की वायूच्या वस्तुमानाचा एक तृतीयांश भाग गोळीला बांधला आहे असं समजावं. हे गृहीतक लाग्रांज या गणितज्ञाच्या नावाने ओळखलं जातं. म्हणजे गोळी कितीही हलकी केली तरी वेग अनंताकडे जात नाही. एका मर्यादेनंतर दारू मुख्यतः स्वतःलाच ढकलत बसते.

गणिताने डोकं जड झालं असेल तर सिनेमाकडे वळू. गोळी लागली की माणूस मागे उडून काचेतून आरपार जातो. .३७५ च्या जड गोळीचा संवेग, म्हणजे वजन गुणिले वेग, काढा: साधारण १५ किलोग्रॅम मीटर प्रति सेकंद. सातशे किलोच्या आफ्रिकन रेड्याला तो सगळा दिला, तर रेडा सेकंदाला दोन सेंटिमीटर सरकेल. जनावर मरतं ते आतल्या इजेने, धक्क्याने नव्हे. शिवाय तेवढाच धक्का, वायूचा मिळून थोडा जास्तच, बंदूक धरणाऱ्याच्या खांद्यालाही बसलेला असतो. तरी जॉन टेलर नावाच्या शिकाऱ्याने वजन, वेग आणि व्यास यांचा गुणाकार करून 'नॉकआउट' आकडा काढायचं सूत्र दिलं, आणि लोक अजून त्यावर हिरिरीने वाद घालतात. ऊर्जा नाही, संवेग नाही, धक्का मोजणारी कोणतीच भौतिक राशी त्या गुणाकारातून निघत नाही. अंकशास्त्राहून फार वेगळं काही मला त्यात दिसत नाही.

वजन वाढवण्याची आणखी एक किंमत असते, आणि ती विंचेस्टर या अमेरिकन बंदूक कंपनीने चारचौघांत मोजली. त्यासाठी आपल्याच देशापासून सुरुवात करावी लागेल. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्रज सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरवर बंदी घातली. जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना त्या मापाची गोळी चालायची, आणि त्या बंडखोरांच्या हाती होत्या. बंदूकवाल्यांनी लगेच .४६५, .४७० अशी शेजारची मापं काढली. .४७० ची ५०० ग्रेनची गोळी सेकंदाला ६५५ मीटर जायची, आणि हत्ती-रेड्यांसाठी तोच मापदंड होऊन बसला. पण त्या दुनळ्या भयंकर महाग. १९५६ साली विंचेस्टरने .४५८ विंचेस्टर मॅग्नम आणलं: तीच ५०० ग्रेनची गोळी, जाहिरातीतला वेग ६४९ मीटर, आणि साध्या, स्वस्त रायफलीत बसेल असं आखूड काडतूस.

गोम या आखूडपणात होती. गोळीची जाडी नळीने ठरवलेली. वजन वाढवायचं तर फक्त लांबी वाढते. काडतुसाची एकूण लांबीही बांधलेली, म्हणजे वाढलेली गोळी आतच घुसणार आणि दारूची जागा खाणार. उरलेल्या जागेत दारू अक्षरशः दाबून, ठासून भरावी लागली. काही काडतुसांत काळाच्या ओघात तिची ढेकळं झाली. ढेकूळ झालेली दारू नीट जळत नाही. कागदावरचा वेग रानात मिळेना, आणि अंगावर येणाऱ्या रेड्यासमोर हा फरक कुणालाच परवडत नाही.

जॅक लॉट या अमेरिकन शिकाऱ्याला १९५९ साली मोझांबिकमध्ये रेड्याने जबर जखमी केलं, तेव्हा त्याच्या हातात .४५८ विंचेस्टरच होती. पुढे १९७१ च्या सुमारास त्याने स्वतःचं काडतूस बनवलं, .४५८ लॉट. गोळी तीच, जाडी तीच, ५०० ग्रेन. दारूला जागा मिळाली आणि वेग आरामात ७०० मीटरपर्यंत गेला. त्यासाठी त्याने पितळी नळकांडं .४५८ विंचेस्टरपेक्षा साडेसात मिलिमीटरने जास्त लांब ठेवलं होतं.