रात्रीचा पहारा

अपघातातून, हल्ल्यातून किंवा युद्धातून माणूस वाचतो, पण रात्र झाली की त्याचं शरीर पुन्हा पहाऱ्यावर उभं राहतं. कडी तीन-तीनदा तपासायची, दिवा चालू ठेवायचा, जरा खुट्ट झालं की दचकून उठून बसायचं. प्रसंग ताजा असताना हे स्वाभाविकच आहे. महिने लोटले तरी ते थांबत नाही, तेव्हा मात्र त्याकडे नीट पाहायला हवं.

‘मन सावरलं की झोपही येईल,’ असं घरचे म्हणतात. नेहमी तसं होत नाही. आघातावरच्या मानसोपचारानं बाकीचा त्रास ओसरला, तरी अनेकांचा निद्रानाश मागे उरतो. तोवर ती एक वेगळीच सवय झालेली असते. अंथरूण म्हणजे जागं राहून धास्तावण्याची जागा, हे मेंदूनं पक्कं धरलेलं असतं.

यावरचा उपाय उफराटा वाटेल: अंथरुणात कमी वेळ घालवायचा. नऊ तास पडून राहून झोप सहाच तास लागत असेल, तर सुरुवातीला सहाच तास अंथरुणात काढायचे आणि रोज ठरलेल्या वेळी उठायचं. झोपेची भूक साठत जाते, तुकड्यातुकड्यांची झोप सलग होऊ लागते आणि मग हा वेळ हळूहळू वाढवतात. जोडीला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेला नियम: डोळे पेंगुळले तरच आडवं व्हायचं, झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं. पहिले काही आठवडे खरोखर जिकिरीचे जातात. दिवसा पेंग येते, त्यामुळे गाडी चालवणं धोक्याचं ठरू शकतं. फेफरं किंवा बायपोलर आजार (मनःस्थिती अतिउत्साह आणि नैराश्य अशा दोन टोकांना जाणारा) असेल, तर तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय हा प्रयोग नकोच.

दुःस्वप्नांवरचा उपाय मला सगळ्यांत विलक्षण वाटतो. दिवसाउजेडी, पूर्ण जागेपणी ते स्वप्न कागदावर लिहायचं आणि आपल्याला हवं तसं बदलायचं. बंद दार उघडतं, पाठलाग करणारा दूर राहतो, काहीही चालेल. मग हे नवं स्वप्न रोज थोडा वेळ डोळ्यांसमोर आणायचं. लैंगिक अत्याचार सोसलेल्या १६८ स्त्रियांवर अमेरिकी निद्रातज्ज्ञ बॅरी क्राकोव आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत तपासली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दुःस्वप्नं कमी झाली, झोप सुधारली आणि आघाताची इतर लक्षणंही उतरली. त्यासाठी मूळ प्रसंग पुन्हा उगाळावा लागत नाही. सुरुवातही सर्वांत भयंकर स्वप्नापासून करत नाहीत, त्यातल्या त्यात कमी बोचणारं एखादं आधी हाताशी घेतात.