अधिकृत भाषा आणि संपर्कभाषा: इंग्रजीला नेमलं कोणी?

इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा आहे, असं सांगणारा कायदा ब्रिटनमध्ये नाही. वेल्शला वेल्समध्ये २०११ च्या कायद्याने अधिकृत दर्जा मिळाला. इंग्रजीसाठी असं काही करण्याची कोणाला गरजच वाटली नाही. अमेरिकेतही मार्च २०२५ पर्यंत केंद्रीय पातळीवर इंग्रजीला असा दर्जा नव्हता, आणि तेव्हाही तो आला राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने, संसदेच्या कायद्याने नव्हे. उलट नामिबियाने १९९० मध्ये स्वतंत्र होताना राज्यघटनेतच इंग्रजीला अधिकृत भाषा करून टाकलं. तिथे घरात इंग्रजी बोलणारे तेव्हाही मूठभर होते. राजधानी विंडहूकमध्ये अनोळखी माणसाशी बोलायला आफ्रिकान्स बरीच कामी येते, पण घटनेने तिला तो मान दिलेला नाही.

इंग्रजी जगाची भाषा कशी झाली, या वादात दोन वेगळ्या गोष्टी नेहमी एकाच पोत्यात भरल्या जातात. अधिकृत भाषा हा हक्क आहे: त्या भाषेत अर्ज केला तर कार्यालय तो परत करू शकत नाही, कायद्याचा त्या भाषेतला मजकूर न्यायालयात चालतो. संपर्कभाषा ही सवय आहे: मातृभाषा वेगळी असलेली दोन माणसं समोर आली की दोघांच्या तोंडून जी निघते ती. हक्क द्यायला ठराव पुरतो. सवय ठरावाने लागत नाही आणि ठरावाने सुटतही नाही.

आपल्याकडे तर गोंधळ दुपटीचा आहे. घटनेच्या ३४३ व्या कलमाने हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे. राष्ट्रभाषा कोणती, हे घटनेत कुठेच सांगितलेलं नाही. इंग्रजी पंधराच वर्षं चालायची होती, २६ जानेवारी १९६५ पर्यंत. त्याआधीच १९६३ चा राजभाषा कायदा आला, १९६७ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि मुदतच उरली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला मिळाला तो अभिजात दर्जा तर या दोन्हींत बसत नाही. तो भाषेच्या प्राचीनतेचा मान आहे. त्यावर मुलाखत मराठीत देता येत नाही.

अधिकृत दर्जाला खर्च किती लागतो, हे संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात दिसतं. तिथे सहा अधिकृत भाषा आहेत: इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश, चिनी आणि १९७३ पासून अरबी. एका बैठकीला चौदा दुभाषे बसतात. चार भाषांच्या बूथमध्ये दोघे-दोघे, अरबी आणि चिनीच्या बूथमध्ये तिघे-तिघे, कारण या दोन बूथांना आपल्या भाषेत आणणं आणि आपल्या भाषेतून बाहेर नेणं अशी दोन्ही कामं करावी लागतात. सचिवालयाच्या कामकाजाच्या भाषा मात्र दोनच, इंग्रजी आणि फ्रेंच. म्हणजे एकाच संस्थेत दर्जा सहांना आणि रोजचं काम दोघींत.

युरोपीय संघात २४ अधिकृत भाषा आहेत. प्रत्येकीतून बाकी तेवीसांत जायचं म्हटलं तर दिशा होतात ५५२. एस्टोनियन ऐकून थेट माल्टीज बोलणारा दुभाषा कुठून आणणार? मग रिले करतात: एस्टोनियनचं आधी इंग्रजी किंवा फ्रेंच होतं आणि बाकीचे बूथ ते ऐकून आपापल्या भाषेत बोलतात. इथली नेहमीची गोची अशी, की मधल्या दुभाष्याने एखादा आकडा चुकवला तर रिलेवर असलेल्या सगळ्या बूथांत तोच चुकीचा आकडा जातो आणि ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. ब्रेक्झिटनंतर इंग्रजीचं काय, हा प्रश्न निघालाच. संघाला भाषा कळवताना आयर्लंडने आयरिश आणि माल्टाने माल्टीज कळवलेली आहे, त्यामुळे इंग्रजीला पाठीराखा देश उरला नाही. २०१७ मध्ये युरोपीय आयोगाचे अध्यक्ष जाँ-क्लोद युंकर यांनी इंग्रजीचं महत्त्व हळूहळू कमी होतंय असं फ्लॉरेन्सच्या भाषणात सांगितलं आणि पुढचं भाषण फ्रेंचमध्ये केलं. हे सांगितलं मात्र इंग्रजीत! यादीतून भाषा काढायला सगळ्या देशांचं एकमत लागतं. ते झालं नाही, आणि इंग्रजी आहे तिथेच आहे.

आता सवय कशी लागते ते बघू. पुण्यातल्या एखाद्या कंपनीची मीटिंग घ्या. चार मराठी माणसं आणि चेन्नईहून बदलून आलेला एक सहकारी. प्रत्येकाला कोणती भाषा किती येते, याला दहापैकी गुण देऊ. मराठीत चौघांना दहा-दहा, पाचव्याला शून्य. हिंदीत चौघांना ८, ८, ७, ९ आणि चेन्नईच्याला २. इंग्रजीत चौघांना ६, ७, ५, ८ आणि त्याला ८. सरासरी काढली तर मराठी ८, हिंदी ६.८, इंग्रजीही ६.८. बहुमत मराठीचं, सरासरीत मराठी वरचढ, आणि तरी मीटिंग होते इंग्रजीत. कारण अशा वेळी नकळत बघितलं जातं ते सर्वांत कमी गुण असलेल्या माणसाकडे. मराठीत तळ शून्यावर आहे, हिंदीत दोनवर, इंग्रजीत पाचवर. ज्या भाषेचा तळ सर्वांत वर, ती निवडली जाते. कोणी बाहेर पडू नये एवढाच हिशेब. बेल्जियन तत्त्वज्ञ फिलिप व्हान पारैस यांनी हा नियम नीट मांडला आहे. चेन्नईच्या जागी इंदूरचा माणूस बसवा: हिंदीचा तळ दोनवरून सातवर जातो आणि तीच चौकडी हिंदीत बोलू लागते. भाषेच्या अंगभूत गुणांचा इथे काही संबंध नाही.

खरी मेख पुढे आहे. त्या मीटिंगनंतर चेन्नईच्या माणसाला मराठी शिकायचं कारण उरलं नाही, आणि पाच गुणवाल्याला इंग्रजी सुधारायचं कारण मिळालं. पुढच्या वेळी तळ सहावर. निवड आणि शिकणं एकमेकांना असं ढकलत राहतं. एकदा उतार लागला की गोळा स्वतःच मोठा होत जातो. प्रश्न फक्त एवढाच, की पहिला धक्का कोणी दिला.

साम्राज्याने, हे उत्तर अर्धं बरोबर आहे. साम्राज्याने पेरणी केली; भारतात १८३५ नंतर सरकारी पैसा इंग्रजी शिक्षणाकडे वळला. पण साम्राज्यं स्पेन, फ्रान्स, पोर्तुगाल यांचीही होती. एकोणिसाव्या शतकात, ब्रिटनचं साम्राज्य ऐन भरात असताना, राजनय चालायचा फ्रेंचमध्ये, आणि रसायनशास्त्र किंवा भौतिकशास्त्र गांभीर्याने करायचं तर जर्मन यावीच लागायची. आइन्स्टाइनचे १९०५ चे लेख जर्मनमध्ये आहेत.

फ्रेंचची मिरास मोडली पहिल्या महायुद्धानंतरच्या, १९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेत, आणि हिशेब तोच पुण्याच्या मीटिंगचा. अमेरिकेचे विल्सन आणि ब्रिटनचे लॉइड जॉर्ज यांचं फ्रेंच कच्चं. फ्रान्सचे क्लेमांसो मात्र तरुणपणी अमेरिकेत राहिलेले, इंग्रजी चांगलं बोलणारे. इटलीच्या ओर्लांडोंची पंचाईत व्हायची, पण तिघांचं इंग्रजीत जमत होतं. व्हर्सायच्या तहाचे फ्रेंच आणि इंग्रजी असे दोन्ही मजकूर प्रमाण मानले गेले.

जर्मनची घसरण अधिक शिकवणारी आहे, कारण ती भाषा अडाण्यांची नव्हती, प्रयोगशाळांची होती. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये ब्रसेल्सला आंतरराष्ट्रीय संशोधन परिषद उभी राहिली. तिची दारं जर्मनी-ऑस्ट्रियाला १९२६ पर्यंत बंद होती. त्याच काळात अमेरिकेत नेब्रास्का राज्याने आठवी पूर्ण होण्याआधी परकी भाषा शिकवण्यावर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने ती १९२३ मध्ये रद्द केली, पण तोवर जर्मनचे वर्ग ओस पडले होते. १९३३ नंतर हिटलरने ज्यांना हाकललं, त्यांतले अनेक शास्त्रज्ञ अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये गेले आणि इंग्रजीत लिहू लागले. १९४५ नंतर पैसा आणि शाबूत प्रयोगशाळा अमेरिकेत होत्या. ज्याला वाचलं जायचंय तो जिथे वाचक आहेत त्या भाषेत लिहितो: पॅरिसच्या पाश्चर संस्थेने आपलं जुनं फ्रेंच नियतकालिक १९८९ मध्ये इंग्रजी करून टाकलं.

इंग्रजी सोपी म्हणून पसरली, हे उत्तर थोडक्यात निकालात काढता येतं. जिच्यात 'पुट'मधला उ आणि 'बट'मधला अ एकाच अक्षराने लिहितात, ती भाषा सोपेपणाच्या जोरावर जिंकलेली नाही.

हक्क आणि सवय यांचा थेट सामना बघायचा तर विमानाचा रेडिओ ऐकावा. हवाई वाहतुकीची एकमेव अधिकृत भाषा इंग्रजी आहे, हा समज सर्वत्र आहे आणि तो चूक आहे. आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की बोलणं जमिनीवरच्या केंद्राच्या नेहमीच्या भाषेत किंवा इंग्रजीत व्हावं. आंतरराष्ट्रीय मार्गांवर वैमानिकाने मागितली तर इंग्रजी मिळालीच पाहिजे. म्हणून पॅरिसचा नियंत्रक फ्रेंच वैमानिकाशी बिनदिक्कत फ्रेंच बोलतो. २५ मे २००० च्या रात्री चार्ल्स द गॉल विमानतळावर एका एमडी-८३ विमानाला उड्डाणाची परवानगी फ्रेंचमध्ये मिळाली. त्याच धावपट्टीला मधूनच मिळणाऱ्या रस्त्यावर शॉर्ट्स ३३० हे छोटं मालवाहू विमान उभं होतं. त्याच्या ब्रिटिश वैमानिकांशी नियंत्रक इंग्रजीत बोलत होता. आपल्या मागून कोणीतरी वेगात येतंय, हे सांगणारं वाक्य त्यांच्या कानावर पडलं असेल तरी अर्थ लागला नाही. ते धावपट्टीवर आले, एमडी-८३ चा पंख त्यांच्या कॉकपिटला लागला, सहवैमानिकाचा जीव गेला. चौकशीत दोन भाषांच्या वापराची नोंद झाली. इथे भाषेचा नियम कोणीही मोडला नव्हता.

याउलट १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात दोन्ही विमानांशी इंग्रजीतच बोलणं चालू होतं. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं, ते त्याखाली आलं, दुसऱ्या विमानावर आदळलं, ३४९ माणसं गेली. त्या विमानात रेडिओवर बोलणारा वेगळा आणि विमान चालवणारे वेगळे होते. भाषा सामाईक होती, पण कॉकपिटमधल्या सगळ्यांना ती सारखी येत नव्हती. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने भाषेची सहा पातळ्यांची मोजपट्टी मंजूर केली. उच्चार, व्याकरण, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद असे सहा भाग तपासतात. सहापैकी सर्वांत कमी भरेल तीच तुमची पातळी. किमान चौथी लागते. चौथी असेल तर तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा, पाचवी असेल तर सहा वर्षांनी, सहावीला पुन्हा नाही. म्हणजे मीटिंगमधला तळ इथे नियमात आला.

सवय हटवण्यासाठी हक्काचा दांडका वापरला तर काय होतं, ते फ्रान्समध्ये दिसतं. १९९२ मध्ये फ्रेंच ही प्रजासत्ताकाची भाषा असल्याचं घटनेत घातलं, १९९४ मध्ये जाहिराती, करार, वापराच्या सूचना फ्रेंचमध्ये असल्याच पाहिजेत असा कायदा केला. ग्राहकाला त्याचा फायदा झाला आणि तो चांगला कायदा आहे. प्रयोगशाळेतले शोधनिबंध मात्र इंग्रजीतच लिहिले जात राहिले, कारण ते ज्यांच्यासाठी लिहायचे ते वाचक फ्रान्सबाहेर होते.

आणि सगळ्यात जवळचं उदाहरण गोव्याचं. १५१० पासून १९ डिसेंबर १९६१ पर्यंत, साडेचार शतकं, सरकारची भाषा पोर्तुगीज. तेवढा काळ म्हापशाच्या बाजारात कोकणी बोलली जात होती, कीर्तनात मराठी ऐकली जात होती. १९८७ च्या कायद्याने देवनागरी कोकणी अधिकृत झाली आणि सरकारी कामात मराठीही चालेल असं ठरलं. पोर्तुगीज आज भेटते ती जुन्या खरेदीखतांत. जमिनीचा वाद निघाला की ती खतं भाषांतरकाराकडे जातात आणि इंग्रजी होऊन परत येतात.