गर्द हिरवं ऑलिव्ह तेल म्हणजे उत्तम तेल?

"जितकं हिरवं, तितकं ऑलिव्ह तेल चांगलं" हा समज जुना आहे आणि साफ चुकीचा आहे. हिरवा रंग क्लोरोफिलचा. फळं कच्ची असताना तोडली तर तो गडद उतरतो, पिकल्यावर तोडली तर तेल सोनेरी होतं. फळाच्या जातीनेही फरक पडतो. दर्जा त्यावरून कळत नाही.

माद्रिदच्या आंतरराष्ट्रीय ऑलिव्ह परिषदेने तर परीक्षकांना रंग दिसूच नये अशी सोय केली आहे. चाखण्याचा अधिकृत पेला गडद काचेचा, बहुधा निळा. त्यात साधारण १५ मिली तेल, वर काचेचं झाकण, तापमान २८ अंश सेल्सिअसच्या आसपास, कारण गार तेलाचा वास नीट सुटत नाही. परीक्षकाने अत्तर लावायचं नाही, तासभर आधी काही खायचं नाही, अर्धा तास आधीपासून सिगारेट बंद. दोन तेलांच्या मध्ये सफरचंदाची फोड आणि पाणी.

घरी छोटा पेला तळहातात धरा, दुसऱ्या हाताने झाका, ऊब लागू द्या, मग हुंगा. घोट जिभेवर पसरवून दातांतून हवा आत ओढा. भुरका मारल्यासारखा आवाज होईल, होऊ द्या!

घशाला ठसका लागला म्हणून बाटली परत करू नका. तो ओलिओकॅन्थाल या घटकाचा. कडवटपणा आणि तिखटपणा परीक्षक गुण म्हणून मोजतात. दोष वेगळे: खवट, कुबट, व्हिनेगरसारखा आंबूस वास. यातला खवटपणा तर जुनं शेंगदाणा तेल हुंगलेल्या कुणालाही लगेच ओळखता येईल.