स्वयंसेवी युद्धपरिचारिका (अमेरिकेचे यादवी युद्ध)

अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) सैन्यात कोणताही हुद्दा नसताना, विनावेतन किंवा नाममात्र मोबदल्यावर, जखमी व आजारी सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांना ही संज्ञा लावली जाते. संज्ञा सोपी दिसत असली, तरी तिच्यात कोणाला धरायचे आणि कोणाला वगळायचे हा प्रश्न युद्धकाळातच उभा राहिला होता. फुटून निघालेल्या दक्षिणेतील राज्यांविरुद्ध लढणाऱ्या उत्तरेच्या, म्हणजे संघराज्याच्या, लष्करी रुग्णालयांच्या नोंदींत २१ हजारांहून अधिक स्त्रियांचा उल्लेख सापडतो. मात्र त्यांच्यापैकी अनेकींची नोंद परिचारिका म्हणून नसून मेट्रन, स्वयंपाकीण किंवा धोबीण अशी आहे. आणि ज्या कोणत्याही यादीत नाव न घालता थेट रणभूमीवर गेल्या, त्या या आकड्यात येत नाहीत.

युद्ध सुरू झाले तेव्हा अमेरिकेचे नियमित सैन्य सुमारे १६ हजारांचे होते आणि त्याच्या सर्वांत मोठ्या रुग्णालयात सुमारे ४० खाटा होत्या. शुश्रूषेचे काम बहुधा बरे होत आलेल्या सैनिकांकडे दिले जाई. ज्यांना स्वतःलाच धड उभे राहता येत नव्हते, त्यांनी इतरांना उचलावे अशी ती व्यवस्था होती. पारंपरिक गणनेनुसार या युद्धात सुमारे ६,२०,००० सैनिक मृत्युमुखी पडले आणि त्यांतील जवळजवळ दोन तृतीयांश मृत्यू गोळीने नव्हे, तर रोगांनी झाले. अतिसार, आमांश, विषमज्वर आणि गोवर यांनी छावण्याच्या छावण्या आडव्या केल्या. स्वयंसेविकांच्या कामाचे महत्त्व येथेच आहे, कारण जखमेवरील शस्त्रक्रिया शल्यविशारदाच्या हातात असली, तरी उकळलेले कपडे, स्वच्छ अंथरूण, पचेल असे अन्न आणि वेळेवर पाणी या गोष्टींवर रोग्याचे जगणे अवलंबून होते.

जून १८६१ मध्ये डोरोथिया डिक्स यांची उत्तरेच्या लष्करी परिचारिकांच्या अधीक्षिका म्हणून नेमणूक झाली. मनोरुग्णांच्या आश्रयगृहांतील सुधारणांसाठी त्या त्याआधीच देशभर परिचित होत्या. त्यांच्या १८६२ च्या परिपत्रकानुसार उमेदवाराचे वय ३५ ते ५० असावे, पोशाख तपकिरी, करडा किंवा काळा असावा आणि अंगावर दागिना नसावा अशा अटी होत्या. मोबदला दिवसाला ४० सेंट आणि शिधा. या अटी आज जाचक वाटतात. मात्र स्त्रियांनी परक्या पुरुषांच्या उघड्या शरीराला हात लावण्यालाच ज्या काळात आक्षेप होता, त्या काळात लष्करी डॉक्टरांच्या विरोधापुढे डिक्स यांना हीच ढाल सुचली, हे ध्यानात घ्यायला हवे. अटी पाळल्या गेल्याच असे नाही. न्यू जर्सीची कॉर्नेलिया हॅनकॉक ही २३ वर्षांची तरुणी जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गला निघाली असता डिक्स यांनी तिला वयावरून नाकारले. ती आगगाडीतून उतरलीच नाही आणि लढाई संपल्यानंतर काही दिवसांतच जखमींच्या तंबूंमध्ये पोहोचली.

औपचारिक प्रशिक्षण जवळजवळ नव्हतेच. अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री एलिझाबेथ ब्लॅकवेल यांच्या पुढाकाराने एप्रिल १८६१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या स्त्रियांच्या मध्यवर्ती साहाय्य संघाने निवडक उमेदवारांना बेल्व्ह्यू रुग्णालयात अल्पकाळ शिकण्याची सोय केली. बाकीच्या बहुसंख्य स्त्रिया घरातील आजाऱ्यांची सेवा करताना जे शिकल्या, तेवढीच शिदोरी घेऊन आल्या.

प्रत्यक्ष कामाचा दिवस पहाटे सुरू होई. नव्या जखमींचा तांडा आला की प्रथम साबण, पाणी आणि फडके घेऊन त्यांना धुवून काढावे लागे. चिखल व रक्त सुकून कपडे अंगाला चिकटलेले असत आणि ते कापूनच काढावे लागत. मिनिए बंदुकीच्या मऊ शिशाच्या गोळीने हाडाचा चुरा होई, त्यामुळे हातपाय कापण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर होत. क्लोरोफॉर्म आणि ईथर उपलब्ध होते. जंतूंविषयीचे ज्ञान मात्र नव्हते. एकाच स्पंजाने अनेकांच्या जखमा पुसल्या जात आणि काही प्रकारचा पू हे जखम भरून येण्याचे लक्षण मानले जाई. अशा वेळी स्वच्छतेचा आग्रह धरणाऱ्या स्त्रिया शास्त्राच्या पुढे नव्हत्या, तरी त्यांची सवय रोग्यांना उपकारक ठरली. दुपारी जेवण भरवणे, पट्ट्या बदलणे. संध्याकाळी ज्यांना लिहिता येत नसे त्यांच्यासाठी घरी पत्रे लिहिणे. आणि रात्री एखाद्याच्या अखेरच्या घटकेला जवळ बसणे. मृताच्या आईला किंवा पत्नीला कळवण्याचे पत्रही अनेकदा हीच स्त्री लिही. परिचारिकांनाही रोग गाठत. डिसेंबर १८६२ मध्ये जॉर्जटाउनच्या रुग्णालयात रुजू झालेल्या लेखिका लुइझा मे ऑल्कट सुमारे सहा आठवड्यांतच विषमज्वराने घरी परतल्या. उपचारासाठी दिलेल्या कॅलोमेल या पाऱ्याच्या औषधाने त्यांची प्रकृती पुढे कायमची खालावली, असे त्या स्वतः मानत.

हुद्द्याशिवाय अधिकार कसा मिळवला जाई, याचे सर्वांत ठळक उदाहरण मेरी ॲन बिकरडाइक (१८१७–१९०१) यांचे आहे. इलिनॉयमधील गेल्सबर्ग येथे वनौषधींचे उपचार करणारी ही विधवा, १८६१ मध्ये चर्चने गोळा केलेले साहित्य पोहोचवण्यासाठी कैरो येथील छावणीत गेली आणि तेथील अस्वच्छता पाहून तिथेच राहिली. फेब्रुवारी १८६२ मध्ये फोर्ट डोनल्सनच्या लढाईनंतर रात्री कंदील घेऊन त्या मृतांमध्ये कोणी जिवंत आहे का ते शोधत फिरल्या. त्यांनी छावण्यांमागोमाग धोबीखाने उभे केले. आणि रोग्यांना ताजे दूध व अंडी मिळावीत म्हणून इलिनॉयमधील शेतकऱ्यांकडून गाई व कोंबड्या मिळवून मेम्फिसला आणल्या. कामचुकार डॉक्टरांविरुद्ध त्या थेट वरिष्ठांकडे जात, आणि उत्तरेचे सेनानी जनरल शर्मन यांनी एका तक्रारदाराला ‘तिचा अधिकार माझ्याहून वरचा आहे’ अशा अर्थाचे उत्तर दिल्याची कथा प्रसिद्ध आहे. मे १८६५ मध्ये वॉशिंग्टनच्या विजयसंचलनात त्या घोड्यावरून सहभागी झाल्या.

दक्षिणेत हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला. दक्षिणेची राजधानी रिचमंडमध्ये सॅली टॉम्पकिन्स यांनी एका घरात रुग्णालय चालवले होते. खासगी रुग्णालये बंद करण्याचा हुकूम निघाल्यावर ते चालू राहावे म्हणून सप्टेंबर १८६१ मध्ये त्यांना कॅप्टनचा हुद्दा देण्यात आला. त्यांनी वेतन घेतले नाही. तेथे दाखल झालेल्या १,३३३ रुग्णांपैकी ७३ दगावले, हे प्रमाण त्या काळी विलक्षण कमी होते. परंतु दक्षिणेतील रुग्णालयांत अंगमेहनतीचा मोठा भाग गुलाम स्त्री-पुरुषांनी उचलला होता, आणि त्यांच्या सेवेला ‘स्वयंसेवा’ म्हणता येत नाही.

वगळल्या गेलेल्यांमध्ये सूझी किंग टेलर यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. १८४८ मध्ये जॉर्जियात गुलामगिरीत जन्मलेल्या आणि सव्हानामध्ये चोरून लिहावाचायला शिकलेल्या सूझी १८६२ मध्ये निसटून उत्तरेच्या सैन्याच्या आश्रयाला आल्या. पुढे कृष्णवर्णीय सैनिकांच्या एका पलटणीबरोबर त्यांनी चार वर्षांहून अधिक काळ काढला. कागदोपत्री त्या धोबीण होत्या. प्रत्यक्षात त्यांनी जखमींची शुश्रूषा केली, देवीच्या रोग्याजवळ बसण्याचे धाडस केले आणि सैनिकांना अक्षरओळख करून दिली. वेतन म्हणून त्यांना एक डॉलरही मिळाला नाही. आपले अनुभव त्यांनी १९०२ मध्ये पुस्तकरूपाने छापले.

युद्धानंतरच्या काळात या कामातून दोन वाटा फुटल्या. युद्धात जखमींची सेवा केलेल्या क्लारा बार्टन यांनी बेपत्ता सैनिकांचा शोध घेणारी कचेरी चालवून २२ हजारांहून अधिक जणांची माहिती कुटुंबांना मिळवून दिली आणि १८८१ मध्ये अमेरिकन रेडक्रॉसची स्थापना केली. तर १८७३ मध्ये न्यूयॉर्क, न्यू हेवन आणि बॉस्टन येथे परिचारिकांच्या प्रशिक्षणशाळा सुरू झाल्या.

निवृत्तिवेतन मात्र फार उशिरा आले. बिकरडाइक यांना १८८६ मध्ये खास कायद्याने महिना २५ डॉलर मंजूर झाले. सर्वसाधारण कायदा ऑगस्ट १८९२ मध्ये संमत झाला: किमान सहा महिने सेवा केलेल्या आणि अधिकृत नेमणूक सिद्ध करू शकणाऱ्या परिचारिकांना महिना १२ डॉलर. स्वयंपाकीण व धोबीण म्हणून नोंद झालेल्या स्त्रिया त्यात आल्या नाहीत. सूझी किंग टेलर १९१२ मध्ये वारल्या. परिचारिका म्हणून त्यांना निवृत्तिवेतन मिळाले नव्हते.