पाच मिनिटं इंजिन चालवून बॅटरी भरत नाही
'उभ्या गाडीचं इंजिन आठवड्याला पाच मिनिटं चालवा, बॅटरी उतरणार नाही,' हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. गाडी सुरू होते, म्हणून तो पटतोही. पण हिशेब मांडून बघा. बंद कारमध्येही घड्याळ, अलार्म थोडा करंट घेतच असतात. तो 30 मिलिअँपिअर धरला तरी आठवड्यात 5 अँपिअर-तास (बॅटरीतल्या चार्जचं माप) जातात. पाच मिनिटांत, अगदी 10 अँपिअरने चार्जिंग झालं तरी, एक अँपिअर-तासही परत येत नाही. स्टार्टर ओढतो ते वेगळंच.

मल्टिमीटरने, म्हणजे व्होल्टेज मोजायच्या छोट्या यंत्राने, बॅटरी स्वतः तपासा. इंजिन बंद केल्यावर लगेच नको, आकडा फसवा येतो. रात्रभर थांबून मोजा. 12.6 व्होल्ट म्हणजे लेड-ॲसिड बॅटरी भरलेली, 12.4च्या खाली चार्जिंग हवंच. गाडी अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवा. तेही जमत नसेल तर मेंटेनन्स चार्जर, म्हणजे उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू भरून भरलेलीच ठेवणारा चार्जर, लावा.