कोल्नागो

कोल्नागो ही शर्यतीच्या सायकली बनवणारी इटालियन कंपनी. मिलानच्या ग्लोरिया कारखान्यात काम शिकलेल्या एर्नेस्तो कोल्नागो (जन्म १९३२) यांनी १९५४ साली जवळच्या कांबियागो गावात लहानसे दुकान थाटले. मोठे भांडवल पाठीशी नव्हते. शर्यतपटूंच्या अडचणी सोडवत कंपनी वाढली.

सुरुवात कॉटर पिनपासून झाली. १९५५ मध्ये इटालियन शर्यतपटू फियोरेन्झो मान्यी यांचा पाय दुखत होता. क्रँक (पेडलचे दांडे) घट्ट धरणाऱ्या दोन कॉटर पिना सारख्या घासलेल्या नाहीत, हे कोल्नागोंनी ओळखले. पिनांच्या सपाट बाजूंचा उतार वेगळा असला की दोन्ही क्रँक एका रेषेत राहत नाहीत आणि प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यावर वेडावाकडा ताण येतो. उपाय म्हणजे दोन्ही पिना कानशीने एकाच उताराला आणायच्या, क्रँकखाली भक्कम टेकू देऊन ठोकून बसवायच्या आणि मगच नट आवळायचा. नटानेच पिन ओढून बसवू गेल्यास आटे जातात. दुरुस्तीनंतर मान्यींनी कोल्नागोंना संघाचे मेकॅनिक म्हणून जिरो द'इतालिया या इटलीच्या मोठ्या शर्यतीला नेले आणि ती शर्यत जिंकली.

१९७० मध्ये मिकेले दांचेल्ली कोल्नागो सायकलवर मिलान–सान रेमो ही शर्यत जिंकले. इटलीला हे यश १७ वर्षांनी मिळत होते. त्यानंतर किलवरचा एक्का कंपनीचे चिन्ह झाला. २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटीत एडी मर्क्स यांनी तासाभरात ४९.४३१ किमी अंतर कापले. त्यासाठी कोल्नागोंनी बनवलेल्या सायकलचे वजन सुमारे ५.७५ किलो होते: कोलंबसच्या अवघ्या अर्धा मिमी जाडीच्या पोलादी नळ्या, चेनच्या पट्ट्यांनाही पाडलेली भोके, ना ब्रेक ना गिअर. इतक्या पातळ नळीला डाख देताना ज्योत क्षणभर जास्त रेंगाळली तरी पोलाद कमकुवत होते. अशी सायकल गुळगुळीत ट्रॅकपुरतीच. खड्ड्यांच्या रस्त्यावर तिचा निभाव लागणे अवघड.

१९८० च्या दशकात फेरारीशी सहकार्य सुरू झाले. पुढचे चाक धरणारा फोर्क आधी पुढच्या बाजूला वाकवलेला असे, त्याऐवजी सरळ फोर्क आला. पुढच्या चाकाला लागणारा कल वरच्या जोडातच दिला जाऊ लागला. १९९४ च्या सी४० या मॉडेलमध्ये कार्बनच्या नळ्या कार्बनच्याच जोडांत चिकटवल्या होत्या. पोलादी फ्रेमची रीतच येथे नव्या साहित्यात उतरली. त्यामुळे प्रत्येक मापासाठी नवा साचा न करता नळ्यांची लांबी बदलता येई. पॅरिस–रुबे शर्यतीच्या दगडी रस्त्यावर कार्बन टिकेल का, अशी कोल्नागो सायकली वापरणाऱ्या मापेई संघाच्या मालकांना धास्ती होती. १९९५ मध्ये फ्रांको बाल्लेरिनी सी४० वरच तेथे जिंकले.

जोडात नळी आणि जोड एकमेकांवर येतात आणि तेवढे वजन वाढते. म्हणून व्ही मालिकेच्या फ्रेम एकसंध साच्यात बनतात. अबू धाबीच्या गुंतवणूकदारांनी २०२० मध्ये कंपनीत बहुमताचा हिस्सा घेतला आणि त्याच वर्षी तादेय पोगाचार यांनी व्ही३आरएसवर टूर द फ्रान्स जिंकली. कोल्नागोचे नाव असलेल्या सायकलीवर टूर जिंकली जाण्याची ही पहिलीच वेळ.