छपरावरची गोधडी

उत्तरेकडच्या देशांत मोठी हिमवृष्टी झाली की वर्तमानपत्रांत एक छायाचित्र हमखास छापले जाते. मोकळ्या शेतांच्या मधोमध एखादे घर असते, त्याच्या छपरावर हातभर पांढरा थर साचलेला असतो, धुराड्यातून धुराची बारीक रेघ वर चाललेली असते आणि खाली ओळ असते, ‘गावाने पांघरली बर्फाची चादर’. हे छायाचित्र पाहताना बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो आत राहणाऱ्या माणसांच्या हालांचा. डोक्यावर एवढा बर्फ असताना ती माणसे गारठून जात नसतील का? प्रश्न सहानुभूतीचा आहे, पण त्यामागची समजूत उलटी आहे. घरात चूल पेटलेली असूनही छपरावरचा थर दिवसेंदिवस जसाच्या तसा टिकून आहे, याचा अर्थच असा, की आतली ऊब छपरातून फारशी बाहेर पडत नाही. आणि जी थोडी पडते, तिलाही तो थर अडवून धरतो.

या गैरसमजाला आपली बोलण्याची सवयही थोडी कारणीभूत आहे. पेल्यातल्या थंडगार खड्याला आपण बर्फ म्हणतो आणि आकाशातून भुरभुरत उतरणाऱ्या पांढऱ्या कणांनाही बर्फच म्हणतो. त्या दुसऱ्या पदार्थासाठी ‘हिम’ हा शब्द आपल्याकडे आहे, पण तो पुस्तकांत अधिक आणि तोंडी कमी. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही म्हणजे गोठलेले पाणीच. उष्णतेच्या हिशेबात मात्र ते दोन निराळे पदार्थ आहेत. एक घनमीटर बर्फाचे वजन सुमारे 917 किलोग्रॅम भरते. तेवढ्याच आकारमानाचे नुकतेच पडलेले कोरडे हिम अनेकदा 50 ते 100 किलोग्रॅमच भरते आणि काही दिवस बसलेले हिम 150 ते 200 किलोग्रॅम. म्हणजे बसलेल्या हिमातही तीन चतुर्थांशांहून अधिक जागा हवेनेच व्यापलेली असते. छायाचित्रातला तो पांढरा थर हा मुख्यतः हवेचा थर आहे, आणि बर्फ हा त्या हवेला जागच्या जागी धरून ठेवणारा नाजूक सांगाडा आहे.

स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत वाईट वाहक आहे. पदार्थाची उष्णतावाहकता वॅट प्रति मीटर प्रति केल्विन या एककात मोजतात. हवेसाठी ती सुमारे 0.024 येते, बर्फासाठी सुमारे 2.2, आणि काही दिवसांच्या हिमासाठी 0.1 च्या आसपास. ताज्या भुरभुरीत हिमासाठी त्याहूनही कमी. एकाच पाण्याच्या दोन घन रूपांत वीसपटींहून अधिक तफावत आहे! सुक्या लाकडाची वाहकता 0.13 च्या जवळपास, साध्या विटेची 0.7 च्या जवळपास आणि घरे उबदार ठेवण्यासाठी मुद्दाम बनवलेल्या खनिज लोकरीची 0.04 असते. यावरून हिशेब केला तर 30 सेंटीमीटर जाडीचे हिम उष्णता अडवण्याच्या कामात 12 सेंटीमीटर खनिज लोकरीच्या किंवा 2 मीटरहून जाड विटांच्या भिंतीच्या तोडीचे ठरते. हवेची नुसती मोकळी पोकळी असती तर हे साधले नसते, कारण पोकळीतली गरम हवा वर जाते, थंड खाली येते आणि या अभिसरणातून उष्णता निसटते. हिमातले कप्पे इतके बारीक असतात की हवेला फिरायला जागाच उरत नाही. म्हणून मला ‘चादर’ हा शब्द अपुरा वाटतो. चादर एकपदरी असते. हिमाचे काम गोधडीसारखे आहे, जिच्या पदरापदरांत अडकलेली हवा खरी ऊब राखते.

गोधडीचा दुसरा गुण म्हणजे ती बाहेरचे चढउतार आत पोहोचू देत नाही. दिवसा आणि रात्री हवेच्या तापमानात होणारा बदल ही एक लाट मानली, तर हिमात खाली जाताना ती दर आठ-नऊ सेंटीमीटरला जवळजवळ एक तृतीयांश होत जाते. चोवीस तासांत वरचे तापमान 20 अंशांनी हलले, तरी 30 सेंटीमीटर खाली तो बदल एका अंशाहूनही कमी उरतो. खालून जमीन उन्हाळ्यात साठवलेली उष्णता हळूहळू सोडत असते आणि ती वर निसटू शकत नाही, त्यामुळे हिवाळ्याच्या आरंभीच भरपूर हिम पडले, तर बाहेर उणे 20 अंश असतानाही त्याखालची जमीन शून्याच्या आसपास राहते. हिवाळी गव्हाची रोपे याच आधारावर तगतात. उंदरांसारखे लहान प्राणी जमीन आणि हिम यांच्यामधल्या फटीत संपूर्ण हिवाळा हिंडतात-फिरतात.

घराच्या दृष्टीने यातून एक गोष्ट निघते, जी ऐकताना विचित्र वाटते. अंगणातून घरात येणारी पाण्याची पुरलेली नळी बहुधा मोकळ्या हिमाखाली गोठत नाही. ती गोठते फावड्याने स्वच्छ केलेल्या वाटेखाली किंवा वाहने जाऊन दाबल्या गेलेल्या हिमाखाली. साफ केलेल्या जागी गोधडीच काढून घेतलेली असते, आणि तुडवलेल्या जागी तिच्यातली हवा काढून घेतलेली असते. हिमाची घनता दुप्पट झाली की त्याची वाहकता ढोबळमानाने चौपट होते, म्हणून पायांखाली घट्ट झालेला थर दिसायला पांढरा असला तरी त्याचे काम जवळपास संपलेले असते. नळी कोठून गेली आहे हे ठाऊक असेल, तर तेवढ्या पट्ट्यावरचे हिम न तुडवता तसेच राहू देणे हा फुकटचा आणि उत्तम उपाय आहे.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो तिच्याकडे येतो. साचलेले हिम निपचित पडून आहे असे दिसते, पण आतून ते क्षणभरही स्वस्थ नसते. याची खूण वाळत घातलेल्या कपड्यांत सापडते. कडाक्याच्या थंडीत ओले कपडे बाहेर दोरीवर टाकले तर ते आधी फळीसारखे ताठ होतात, आणि हवा कोरडी असेल तर एक-दोन दिवसांत, मध्ये कोठेही पाणी न होता, सुकतात. बर्फाची थेट वाफ होण्याच्या या क्रियेला संप्लवन म्हणतात. बर्फालाही बाष्पदाब, म्हणजे त्याच्यापासून सुटणाऱ्या वाफेचा दाब, असतो आणि तो तापमानाबरोबर वेगाने बदलतो: शून्य अंशाला 611 पास्कल, उणे 10 ला सुमारे 260, उणे 20 ला सुमारे 103. दर दहा अंशांना तो निम्म्याहूनही खाली येतो.

हे आकडे घेऊन हिमाच्या थरात उतरू. समजा थर 40 सेंटीमीटर जाड आहे, तळाशी तापमान शून्य आहे आणि पृष्ठभागावर उणे 16. तळाजवळचा कण त्याच्या वरच्या कणापेक्षा किंचित उबदार असतो, म्हणून त्याच्या माथ्यावरून जलरेणू सुटतात, मधली इवलीशी पोकळी ओलांडतात आणि वरच्या कणाच्या थंड तळाशी जाऊन बसतात. त्याच वेळी तो वरचा कण आपल्या माथ्यावरून रेणू सोडत असतो, जे त्याच्याही वरच्या कणावर जमतात. विहिरीपासून आगीपर्यंत माणसांची रांग लावून बादल्या हातोहात पुढे द्याव्यात तसे हे चालते; फरक इतकाच, की येथे घेणारा आणि देणारा दोघेही त्या देवघेवीत स्वतःच बदलून जातात. एक किलोग्रॅम बर्फाची वाफ व्हायला सुमारे 2834 किलोज्यूल उष्णता लागते आणि वाफ पुन्हा गोठताना तेवढीच बाहेर पडते, म्हणजे वाफेच्या या पावलांबरोबर सुप्त उष्णताही वर सरकत असते. हिमाच्या मोजलेल्या वाहकतेत सांगाड्यातून होणारे वहन, हवेतून होणारे वहन आणि हा बाष्पाचा वाटा, असे तिन्ही मिसळलेले असतात.

तापमानाचा उतार तीव्र असला, म्हणजे ढोबळमानाने मीटरला 10 ते 20 अंशांहून अधिक, की नवे रेणू कणावर सारखे पसरून बसत नाहीत. ते कडांवर आणि कोपऱ्यांवर बसतात, आणि तळाशी पैलूदार, रेषांकित, कधी पेल्यासारखे पोकळ स्फटिक तयार होतात. मुठीत घेतले तर ते खडबडीत साखरेसारखे घरंगळतात, कारण एकमेकांशी त्यांचे धागे फार कमी जुळलेले असतात. डोंगरउतारावर वरचा जड थर अशा साखरेवर टेकलेला असला, तर हिमकडा कोसळण्याचा धोका असतो. तापमानाचा उतार सौम्य असला तर याच्या नेमके उलट घडते. टोकदार भागांवरचा बाष्पदाब किंचित अधिक आणि खाचांतला किंचित कमी असतो, त्यामुळे हिमफुलांच्या पाकळ्या झिजतात, कण गोल होतात आणि जेथे दोन कण टेकतात त्या खाचेत बर्फाची मान तयार होते. सकाळी फावड्याने बाजूला लोटलेला भुसभुशीत ढीग संध्याकाळी कुदळ मागतो तो याच कारणाने. तो वितळून पुन्हा गोठलेला असतोच असे नाही. बाष्पाच्या या कारागिरीचा पद्धतशीर अभ्यास जपानी भौतिकशास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनी केला. 1936 साली त्यांनी थंड प्रयोगशाळेत सशाच्या केसावर जगातला पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला आणि तापमान व आर्द्रता यांवर स्फटिकाचा आकार कसा ठरतो, हे दाखवून दिले.

हिमाचा पृष्ठभाग मात्र हवेपेक्षाही थंड होऊ शकतो, आणि येथे एका जुन्या समजुतीचा समाचार घेणे आवश्यक आहे. चांदणे शीतल असते, ते पडले की पिके करपतात, अशी समजूत अनेक समाजांत आहे. चंद्रप्रकाश हा परावर्तित सूर्यप्रकाश आहे. तो कशालाही थंड करत नाही. हिम दृश्य प्रकाश बहुतांशी परत फेकते, पण अवरक्त प्रारणाच्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांच्या, बाबतीत ते जवळजवळ काजळासारखे वागते आणि आपली उष्णता आकाशाकडे मुक्तपणे सोडते. ढग असतील तर तीतली बरीच परत येते, निरभ्र रात्री येत नाही. चंद्र स्पष्ट दिसतो तोही निरभ्र रात्रीच, आणि एवढ्यावरून दोष त्याच्या माथी आला. लंडनचे वैद्य विल्यम चार्ल्स वेल्स यांनी दवाविषयीच्या आपल्या निबंधात 1814 मध्येच रात्रीच्या या थंड होण्याचे स्पष्टीकरण दिले होते. दोन शतकांनंतरही चांदण्यापासून बचाव करण्याचे तोडगे सांगितले जावेत, हे मला खेदजनक वाटते.

आता छपराकडे परत जाऊ, कारण गोधडीचा एक तोटाही आहे. आत 20 अंश, बाहेर उणे 10, आणि छप्पर साधेच, म्हणजे प्रत्येक अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमागे 1 वॅट उष्णता जाऊ देणारे आहे असे धरू. हिम नसेल तर चौरस मीटरमागे 30 वॅट बाहेर जातील. वर 30 सेंटीमीटर हिम आले की एकूण अडथळा चौपट होतो आणि गळती साडेसात वॅटवर यायला हवी. पण मग छपराच्या वरच्या पृष्ठभागाचे तापमान साडेबारा अंश निघते, आणि तेथे तर हिम टेकलेले आहे! ते शून्याच्या वर जाऊच शकत नाही. म्हणून छपरातून प्रत्यक्षात 20 वॅट येतात, त्यांतले जेमतेम 3.3 हिमातून वर निघून जातात आणि उरलेले 16.7 वॅट तळाचे हिम वितळवण्यात खर्च होतात. एक किलोग्रॅम बर्फ वितळायला 334 किलोज्यूल लागतात, या हिशेबाने चौरस मीटरमागे दिवसाला 4 लिटरहून अधिक पाणी तयार होते. शंभर चौरस मीटरच्या छपरावर हा आकडा 400 लिटरच्या पुढे जातो, आणि तेही बाहेर उणे 10 अंश असताना, सूर्याची काहीही मदत नसताना.

हे पाणी थराखालून उतरत वळचणीपर्यंत येते. वळचण भिंतीच्या बाहेर असते, तिच्याखाली उबदार खोली नसते, त्यामुळे तेथे पोहोचताच पाणी गोठते. थोड्या दिवसांत छपराच्या कडेवर बर्फाचा बांध उभा राहतो, त्याच्यामागे पाणी तुंबते, कौलांच्या किंवा पत्र्यांच्या सांध्यांतून उलटे वर चढते आणि भिंतीवर ओल उतरते. वळचणीला लोंबणाऱ्या गोठलेल्या पागोळ्या चित्रात सुंदर दिसतात, पण त्या लांबलचक आणि ओळीने लागलेल्या असतील, तर ते बहुधा छपरातून ऊब गळत असल्याचे लक्षण असते. शिवाय वजन आहेच. 150 ते 200 किलोग्रॅम घनतेच्या 30 सेंटीमीटर थराचा भार चौरस मीटरला 45 ते 60 किलोग्रॅम येतो, आणि त्यावर पाऊस पडला तर हिम ते पाणी धरून ठेवते.

बांध कुऱ्हाडीने फोडल्याने किंवा त्यावर मीठ टाकल्याने मूळ कारण जात नाही. कौले फुटतात आणि पत्रा गंजतो एवढेच. उपाय छताच्या आतल्या बाजूला आहे. खोलीच्या छतावर, म्हणजे माळ्याच्या तळाशी, उष्णतारोधक थर जाड घालायचा, दिवे आणि धुराडे जेथून वर जातात तेथल्या फटी योग्य साहित्याने बुजवायच्या, आणि माळ्याला वळचणीपासून आढ्यापर्यंत वारा खेळता ठेवायचा, जेणेकरून माळ्यातली हवा बाहेरच्या हवेइतकीच थंड राहील. मग छपराच्या वरच्या बाजूला हिम वितळण्याचे कारण उरत नाही, आणि ते वसंतापर्यंत कोरडे राहते.